स्वनिर्मित विमाने : उड्डाण तास, इंजिनाची निवड आणि सुरक्षितता

रायपूर : कारखान्यात तयार झालेले विमान विकत घेण्याऐवजी ते स्वतःच्या हाताने, घरी किंवा छोट्या कार्यशाळेत बांधून उडविण्याची परंपरा मानवी उड्डाणाच्या इतिहासाइतकीच जुनी आहे. १७ डिसेंबर १९०३ रोजी उडालेले राईट बंधूंचे विमानही याच अर्थाने स्वनिर्मित होते. त्यांना हवे तेवढे हलके इंजिन कोणत्याही मोटार उत्पादकाकडून मिळाले नाही. अखेर त्यांच्या सायकल दुकानातील यंत्रकार चार्ली टेलर यांनी सुमारे १२ अश्वशक्तीचे इंजिन तयार केले. विमानाचा सांगाडा आपण बांधू, पण इंजिन कोणते बसवायचे, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक हौशी विमान बांधणीदारासमोर उभा आहे.

भारतात अशा विमानांची संख्या अत्यल्प आहे. मात्र मुंबईतील कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवली येथे इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानामुळे हा विषय मराठी वाचकांच्या परिचयाचा झाला. या विमानाच्या नोंदणीचा आणि परवान्याचा प्रवास देशभर चर्चिला गेला. परंतु परवाना मिळाल्यानंतरच्या सुरक्षिततेचा विचार त्या मानाने कमी झाला. वैमानिकाचे उड्डाण तास, विमानाला बसविलेले इंजिन आणि चाचणीची पद्धत या तीन बाबींवर स्वनिर्मित विमानाची सुरक्षितता प्रामुख्याने अवलंबून असते. त्यांचा आढावा या लेखात घेतला आहे.

कांदिवलीच्या गच्चीवरून धुळ्याच्या धावपट्टीवर

व्यवसायाने प्रवासी विमानाचे वैमानिक असलेले अमोल यादव मूळचे सातारा जिल्ह्यातील. अमेरिकेत वैमानिकाचे प्रशिक्षण घेत असताना तेथील हौशी विमान बांधणीची चळवळ त्यांनी जवळून पाहिली. मायदेशी परतल्यावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी स्वतःचे विमान बांधण्यास सुरुवात केली. पहिले दोन प्रयत्न उड्डाणापर्यंत पोहोचू शकले नाहीत. त्यानंतर कांदिवलीतील चारकोप येथील राहत्या इमारतीच्या गच्चीवर, कुटुंबीयांच्या साहाय्याने, सहा आसनी एक इंजिनी विमानाचे काम सुरू झाले. ‘टीएसी-००३’ असे या विमानाचे नाव आहे.

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत भरलेल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात हे विमान प्रदर्शित झाले. त्यासाठी ते गच्चीवरून क्रेनच्या साहाय्याने खाली उतरवावे लागले होते. प्रदर्शनात लोकांची मोठी गर्दी झाली, तरी नोंदणीचा प्रश्न सुटला नव्हता. व्यक्तीने स्वतः बांधलेल्या विमानाला मान्यता देण्यासंबंधीच्या नियमांमुळे हे प्रकरण अनेक वर्षे रखडले. तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पाठपुरावा केल्यानंतर नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजेच डीजीसीएने, विमानाची नोंदणी केली. ‘व्हीटी-एनएमडी’ या नोंदणी चिन्हातील अक्षरे पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि देवेंद्र फडणवीस यांच्या नावांवरून घेतल्याचे यादव यांनी सांगितले होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांच्या कंपनीने पालघर जिल्ह्यात विमाननिर्मिती प्रकल्प उभारण्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. २०१९ मध्ये उड्डाणाचा विशेष परवाना मिळाला आणि २०२० मध्ये धुळे येथील धावपट्टीवर विमानाच्या उड्डाण चाचण्या झाल्या.

या घटनाक्रमातील एक बाब लक्षणीय आहे. ज्या व्यक्तीने हे विमान बांधले, ती व्यावसायिक वैमानिक होती आणि प्रवासी विमानांवरील दीर्घ अनुभव तिच्या गाठीशी होता. सर्वसाधारण हौशी बांधणीदाराची स्थिती अशी नसते. भारतात खासगी वैमानिक परवान्यासाठी किमान ४० तासांचे, तर व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते. चाळीस-पन्नास तासांच्या अनुभवावर, कधीच न उडालेल्या विमानात प्रथमच बसणे ही जोखीम कोणत्याही देशात गंभीर मानली जाते.

परदेशातील चळवळ आणि तिचे नियम

हौशी विमान बांधणीचे सर्वांत मोठे केंद्र अमेरिका आहे. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझनी यांनी विस्कॉन्सिन राज्यात ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ या संस्थेची स्थापना केली. संस्थेचा वार्षिक मेळावा १९७० पासून ऑशकॉश येथे भरतो. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी १९७३ मध्ये स्थापन केलेल्या ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’ या कंपनीच्या आरव्ही मालिकेतील अकरा हजारांहून अधिक विमाने आजवर बांधून पूर्ण झाली आहेत. ही विमाने सुट्या भागांच्या संचातून, म्हणजे किटमधून, बांधली जातात.

अमेरिकी नियमानुसार विमानाच्या बांधणीतील निम्म्याहून अधिक काम हौशी व्यक्तीने स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा आनंदासाठी केलेले असणे बंधनकारक आहे. हा नियम ‘एक्कावन्न टक्के नियम’ या नावाने ओळखला जातो. अशा विमानाला ‘प्रायोगिक’ वर्गातील प्रमाणपत्र मिळते. त्यातून भाड्याने प्रवासी अथवा माल नेता येत नाही.

चाचणीच्या पहिल्या टप्प्यात विमान ठरावीक क्षेत्रातच उडवावे लागते. या टप्प्याचा कालावधी थेट इंजिनाशी जोडलेला आहे. प्रमाणित इंजिन आणि त्याला मान्य असलेला प्रोपेलर बसविला असेल, तर साधारणपणे २५ तासांची चाचणी पुरते. अन्य इंजिनांसाठी ही मर्यादा ४० तासांची असते. नियामकाच्या दृष्टीने इंजिनाची निवड आणि उड्डाण तास हे परस्परांत गुंतलेले प्रश्न आहेत, हे या एका तरतुदीवरून स्पष्ट होते.

भारतात स्वनिर्मित विमान नेहमीच्या उड्डाणयोग्यता प्रमाणपत्राच्या चौकटीत बसत नाही, कारण त्या आराखड्याला कारखान्यातील विमानाप्रमाणे प्रकार मान्यता नसते. त्यामुळे डीजीसीएकडून अटींसह विशेष परवाना घ्यावा लागतो. हौशी बांधणीतून आलेला आराखडा भारतीय विमान संशोधनाला मात्र अपरिचित नाही. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने, म्हणजे एनएएलने, १९८७ मध्ये उडविलेले हलके संशोधन विमान बर्ट रुटान यांच्या ‘लाँग-ईझेड’ या स्वनिर्मित आराखड्यावर आधारित होते. याच प्रयोगशाळेच्या ‘हंसा’ या दोन आसनी प्रशिक्षण विमानाने १९९३ मध्ये पहिले उड्डाण केले.

अपघातांचा अभ्यास काय सांगतो

स्वनिर्मित विमानांच्या सुरक्षिततेवरील सर्वांत महत्त्वाचा अभ्यास अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार अमेरिकेत अशी सुमारे ३३,००० विमाने होती. खासगी व सर्वसाधारण विमानांच्या ताफ्यात त्यांचा वाटा सुमारे १० टक्के होता. मात्र २०११ मधील या क्षेत्रातील एकूण अपघातांपैकी सुमारे १५ टक्के आणि प्राणघातक अपघातांपैकी सुमारे २१ टक्के अपघात स्वनिर्मित विमानांचे होते.

या अभ्यासातील तीन निष्कर्ष विशेष लक्ष देण्याजोगे आहेत. पहिला असा की, पंख तुटणे किंवा सांगाडा निखळणे हे अपघातांचे नेहमीचे कारण नव्हते. सर्वसामान्यांच्या मनात ‘घरी बांधलेले विमान हवेत मोडेल’ अशी भीती असते. प्रत्यक्षात इंजिन व इंधन यंत्रणेतील बिघाड आणि उड्डाणादरम्यान विमानावरील नियंत्रण सुटणे, ही दोन कारणे आघाडीवर होती. दुसरा निष्कर्ष असा की, विमानाच्या आयुष्यातील सुरुवातीच्या थोड्या तासांतच अपघातांचे मोठे प्रमाण आढळले. तिसरा निष्कर्ष अधिक अनपेक्षित होता. २०११ मध्ये अपघातग्रस्त झालेल्या स्वनिर्मित विमानांपैकी निम्म्याहून अधिक विमाने मूळ बांधणीदाराकडे नव्हती, तर दुसऱ्या मालकाने विकत घेतलेली होती. आणि नव्या मालकाच्याही सुरुवातीच्या उड्डाणांतच धोका एकवटलेला होता.

मंडळाने इंधन यंत्रणेची कार्यचाचणी, नव्या विमानाची ओळख करून देणारे प्रशिक्षण आणि चाचणीच्या काळात दुसरा अनुभवी वैमानिक सोबत घेण्याची मुभा, अशा शिफारशी केल्या. त्यापूर्वी पहिल्या टप्प्यात वैमानिकाने एकट्यानेच उड्डाण करावे, अशी पद्धत होती. २०१४ मध्ये अमेरिकी नियामकाने ठरावीक अटींवर दुसऱ्या पात्र वैमानिकाला सोबत नेण्यास मान्यता दिली.

उड्डाण तासांचे तीन हिशेब

‘वैमानिकाकडे किती तास आहेत?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. परंतु स्वनिर्मित विमानाच्या बाबतीत तासांचे तीन स्वतंत्र हिशेब ठेवावे लागतात. पहिला वैमानिकाच्या एकूण तासांचा, दुसरा त्याच प्रकारच्या विमानावरील तासांचा आणि तिसरा त्या विशिष्ट विमानाने व इंजिनाने पूर्ण केलेल्या तासांचा. पहिला आकडा कितीही मोठा असला, तरी उरलेले दोन लहान असतील तर तो पुरेसे संरक्षण देत नाही.

१२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील माँटेरे उपसागरात झालेला अमेरिकी गायक जॉन डेन्व्हर यांचा अपघात याचे ठळक उदाहरण आहे. डेन्व्हर यांच्या नावावर २,७०० हून अधिक उड्डाण तास होते. दुसऱ्याने बांधलेले लाँग-ईझेड विमान त्यांनी नुकतेच विकत घेतले होते आणि त्या विमानाचा त्यांचा अनुभव अत्यल्प होता. मूळ आराखड्यात वैमानिकाच्या समोर असलेली इंधन टाकी बदलण्याची कळ बांधणीदाराने वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसविली होती. तिच्यावर खुणा नव्हत्या. कळ फिरविण्यासाठी मागे वळावे लागे आणि तसे वळताना पाय नकळत उजव्या पेडलवर दाबला जाण्याची शक्यता तपासात आढळली. अपुरे इंधन, कळीची चुकीची जागा आणि विमानाची अपुरी ओळख, या तिन्ही गोष्टी तपासणीत पुढे आल्या. हजारो तासांचा वैमानिक त्या विमानापुरता नवखाच होता.

बांधणीदाराच्या बाबतीत आणखी एक अडचण उद्भवते. किटमधून विमान पूर्ण करण्यास अनेकदा हजार-दोन हजार तासांचे काम लागते. नोकरी-व्यवसाय सांभाळून ते पूर्ण होण्यास पाच, दहा किंवा त्याहून अधिक वर्षे जातात. या काळात मोकळा वेळ आणि पैसा दोन्ही विमानाच्या बांधणीत खर्च होतात आणि प्रत्यक्ष उडणे थांबते. परिणामी, विमान ज्या दिवशी तयार होते, नेमका त्याच दिवशी त्याच्या मालकाचा उड्डाणाचा सराव सर्वांत कमी असतो. म्हणूनच पहिल्या उड्डाणापूर्वीच्या महिन्यांत प्रशिक्षकासोबत तशाच प्रकारच्या विमानावर सराव करणे, किंवा पहिले उड्डाण त्या प्रकारच्या विमानाचा भरपूर अनुभव असलेल्या वैमानिकाकडे सोपविणे, हा मार्ग स्वीकारला जातो. विमान आपण बांधले म्हणून पहिल्यांदा आपणच उडविले पाहिजे, हा आग्रह स्वाभाविक असला तरी तो सुरक्षिततेच्या विरोधात जाऊ शकतो.

वर्षभरातील तासांचाही प्रश्न महत्त्वाचा आहे. वर्षाकाठी दहा-पंधरा तासच उडणारे विमान मालकाला जपून वापरल्यासारखे वाटते. इंजिनाच्या दृष्टीने मात्र दीर्घकाळ उभे राहणे हानिकारक असते. तेलाचा थर ओसरतो, आतील भागांवर ओलावा साचतो आणि कॅमशाफ्टसारख्या पोलादी भागांना गंज धरतो. जमिनीवर पाच मिनिटे इंजिन सुरू करून बंद केल्याने हा प्रश्न सुटत नाही, कारण तेल पुरेसे तापत नाही आणि त्यातील पाणी उडून जात नाही. त्यामुळेच उत्पादक ओव्हरहॉलची मर्यादा तासांबरोबर वर्षांतही सांगतात.

इंजिनाचे पर्याय

स्वनिर्मित विमानासाठी उपलब्ध असलेल्या इंजिनांचे ढोबळमानाने चार गट पडतात.

पहिला गट लायकमिंग आणि काँटिनेंटल या अमेरिकी कंपन्यांच्या पारंपरिक विमान इंजिनांचा. १५०-१६० अश्वशक्तीचे लायकमिंग ओ-३२० आणि १८० अश्वशक्तीचे ओ-३६० ही इंजिने प्रशिक्षण विमानांमुळे जगभर परिचित आहेत. हवेने थंड होणारी, सुमारे २,७०० फेऱ्यांवर चालणारी आणि प्रोपेलर थेट दांड्यावर बसविलेली अशी त्यांची रचना असते. ओव्हरहॉलची शिफारस केलेली मर्यादा सामान्यतः २,००० तास किंवा १२ वर्षे अशी आहे. त्यांचे दोष आणि त्यावरील उपाय अनेक दशकांच्या वापरातून ठाऊक झाले आहेत, हे त्यांचे सर्वांत मोठे बलस्थान होय. अधिक वजन, जास्त इंधन आणि मोठी किंमत या त्यांच्या मर्यादा आहेत.

दुसरा गट हलक्या आधुनिक फोर-स्ट्रोक इंजिनांचा. ऑस्ट्रियातील रोटॅक्स कंपनीचे ९१२ हे इंजिन ८० आणि १०० अश्वशक्तीच्या आवृत्त्यांत मिळते. शंभर अश्वशक्तीची आवृत्ती कमाल ५,८०० फेऱ्यांवर चालते, २.४३ गुणोत्तराचा गिअरबॉक्स प्रोपेलरच्या फेऱ्या सुमारे २,४०० पर्यंत खाली आणतो. भारतीय संरक्षण मंत्रालयाने २०१५ मध्ये मागणी नोंदविलेली आणि राष्ट्रीय छात्र सेनेच्या विद्यार्थ्यांना उड्डाणाची ओळख करून देण्यासाठी वापरली जाणारी पिपिस्ट्रेल ‘व्हायरस’ विमाने याच मालिकेच्या इंजिनावर उडतात. सप्टेंबर २०२१ मध्ये प्रथम उडालेल्या ‘हंसा-एनजी’लाही रोटॅक्स ९१२ मालिकेतीलच इंजिन आहे. त्यामुळे या इंजिनाची देखभाल जाणणारे मनुष्यबळ देशात उपलब्ध आहे, ही हौशी मालकाच्या दृष्टीने जमेची बाजू ठरते. या इंजिनाची मर्यादाही २,००० तासांची आहे. मात्र त्यातील रबरी नळ्या, इंजिन कितीही कमी चालले असले तरी, दर पाच वर्षांनी बदलाव्या लागतात.

याच गटात ऑस्ट्रेलियाच्या जाबिरू इंजिनांचा समावेश होतो. साधी रचना आणि कमी वजन यांमुळे ती लोकप्रिय झाली. तथापि, उड्डाणात इंजिन निकामी होण्याच्या घटना वाढल्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या नागरी हवाई सुरक्षा प्राधिकरणाने २०१४ च्या अखेरीस या इंजिनांच्या विमानांवर दाट वस्तीवरून उड्डाण न करण्यासारखे निर्बंध घातले. योग्य देखभाल झालेल्या बहुतांश विमानांसाठी ते २०१६ मध्ये शिथिल झाले. उत्पादकाच्या ताज्या तांत्रिक सूचना न पाळल्यास इंजिनाच्या नावावर विसंबून राहता येत नाही, हा त्या प्रकरणाचा धडा आहे.

तिसरा गट टू-स्ट्रोक इंजिनांचा. रोटॅक्स ५८२ सारखी इंजिने वजनाला हलकी, शक्तीला चांगली आणि तुलनेने स्वस्त असतात. परंतु ओव्हरहॉलची मर्यादा ३०० तास म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिनाच्या तुलनेत फारच कमी आहे. ही इंजिने अचानक बंद पडू शकतात, अशी स्पष्ट ताकीद उत्पादकच देतो. म्हणून त्यांचा वापर हळू उडणाऱ्या आणि लहान शेतातही उतरू शकणाऱ्या अतिहलक्या विमानांपुरता ठेवणे शहाणपणाचे ठरते.

चौथा गट मोटारींच्या इंजिनांचा. १९२९ मध्ये बर्नार्ड पीटनपोल यांनी फोर्ड मॉडेल-ए मोटारीचे इंजिन आपल्या विमानाला बसविले. पुढे फोक्सवॅगन, सुबारू आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर यांची इंजिने वापरली गेली. यातील आकर्षण किमतीचे असते. मात्र मोटारीचे इंजिन रस्त्यावर क्वचितच पूर्ण शक्तीने चालते. विमानात उड्डाण घेताना पूर्ण आणि नंतर तासन् तास साठ-सत्तर टक्क्यांहून अधिक शक्ती सतत द्यावी लागते. बिघाड बहुधा मूळ इंजिनात नव्हे, तर बांधणीदाराने भोवती उभारलेल्या व्यवस्थेत होतो. फेऱ्या कमी करणारा गिअर किंवा पट्टा, शीतक द्रवाचे पाइप, प्रज्वलनाची वीजजोडणी आणि इंधन पंप ही त्यातील नाजूक स्थळे होत. अशा इंजिनाने वाचविलेला पैसा चाचणीचे वाढीव तास आणि दुरुस्ती यांत खर्च होण्याची शक्यता बांधणीदाराने आधीच गृहीत धरायला हवी.

इंजिन बदलताना विमानाच्या आराखड्याशी असलेले नातेही जपावे लागते. आराखड्यात सांगितलेल्यापेक्षा जड इंजिन बसविल्यास गुरुत्वमध्य पुढे सरकतो. हलके बसविल्यास मागे जातो. गुरुत्वमध्य मर्यादेपेक्षा मागे गेलेले विमान स्टॉलमधून सावरणे कठीण होते. अधिक शक्तिशाली इंजिनामुळे आराखड्यातील कमाल वेगमर्यादा वाढत नाही, हेही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

इंधनाचा भारतीय प्रश्न

इंजिनाची निवड इंधनाच्या उपलब्धतेपासून वेगळी करता येत नाही. पारंपरिक विमान इंजिनांसाठी लागणारे १०० ऑक्टेनचे विमान पेट्रोल, म्हणजे एव्हगॅस, भारताला दीर्घकाळ आयात करावे लागत होते. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदरा येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात तयार केलेले एव्हगॅस बाजारात आणले. तरीही प्रत्येक विमानतळावर ते मिळत नाही. मोठ्या विमानांचे टर्बाइन इंधन पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात वापरता येत नाही.

रोटॅक्सची इंजिने मोटारीच्या पेट्रोलवर चालतात, म्हणून ती सोयीची मानली जातात. परंतु रोटॅक्स ९१२ साठी इंधनातील इथेनॉलचे मान्य प्रमाण १० टक्क्यांपर्यंतच आहे. देशातील पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिश्रित पेट्रोल सर्वत्र विकले जाते. इथेनॉल पाणी शोषून घेते, काही प्रकारचे रबर आणि फायबरग्लास टाक्यांतील रेझिन कमकुवत करते, तसेच उष्णतेत इंधनवाहिनीत वाफ अडकण्याचा धोका वाढविते. परदेशी पुस्तिकेतील ‘मोटारीचे पेट्रोल चालेल’ हे वाक्य भारतातील पंपावर जसेच्या तसे लागू करणे त्यामुळे धोक्याचे आहे. दुसरीकडे, अशा इंजिनात सतत शिसेयुक्त एव्हगॅस वापरल्यास तेल आणि स्पार्क प्लग लवकर बदलावे लागतात. इंधनाचा स्रोत निश्चित झाल्याशिवाय इंजिनाची मागणी नोंदवू नये, असा निष्कर्ष यातून निघतो.

रायपूरच्या उन्हाळ्याचा हिशेब

इंजिनाची शक्ती पुस्तिकेत समुद्रसपाटीवरील १५ अंश सेल्सिअस तापमानासाठी दिलेली असते. मध्य भारतातील परिस्थिती फार वेगळी असते. रायपूरचे स्वामी विवेकानंद विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३१७ मीटर, म्हणजे सुमारे १,०४० फूट उंचीवर आहे. मे महिन्यात दुपारी तापमान ४४ अंशांवर गेले, तर तेथील हवा प्रमाणित वातावरणातील सुमारे पावणेपाच हजार फुटांवरील हवेइतकी विरळ होते. या उंचीला ‘घनता उंची’ म्हणतात. टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाची शक्ती दर हजार फुटांमागे ढोबळमानाने तीन टक्क्यांनी घटते. म्हणजे शंभर अश्वशक्तीचे इंजिन त्या दुपारी साधारण ८५ ते ८६ अश्वशक्तीच देईल.

घट केवळ इंजिनाची नसते. विरळ हवेत प्रोपेलरचा खेच कमी होतो आणि पंखांना पुरेसे उत्थापन मिळण्यासाठी जमिनीवरील वेग अधिक लागतो. त्यामुळे धावपट्टीवरील धाव लांबते आणि चढण्याचा दर मंदावतो. इंजिन थंड राखणेही अवघड होते. युरोपात पुरेशी ठरलेली तेलशीतकाची रचना रायपूर, नागपूर किंवा जळगावच्या उन्हाळ्यात अपुरी पडू शकते. चाचणी उड्डाणे हिवाळ्यातील सकाळी करून नंतर उन्हाळ्यातील दुपारी पूर्ण भाराने उड्डाण केल्यास, चाचणीतील आकड्यांचा आधार उरत नाही. पावसाळ्यात याच्या उलट अडचण येते. दमट हवेत बाहेरचे तापमान वीस अंशांच्या आसपास असतानाही कार्ब्युरेटरच्या आत बर्फ धरू शकते आणि शक्ती हळूहळू कमी होऊ लागते.

पहिल्या उड्डाणापूर्वी आणि नंतर

सुरक्षिततेचे उपाय खर्चिक असतातच असे नाही. त्यांतील बहुतेक उपाय शिस्तीचे आहेत.

बांधणीच्या प्रत्येक टप्प्यावर, भाग झाकला जाण्यापूर्वी, दुसऱ्या जाणकाराकडून तपासणी करून घेणे हा त्यातील पहिला. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, हे तत्त्व येथे पूर्णतः लागू पडते. दुसरा उपाय विमानाचे प्रत्यक्ष वजन करून गुरुत्वमध्य काढण्याचा. कागदावरील अंदाज यासाठी चालत नाही. तिसरा उपाय इंधन प्रवाहाच्या चाचणीचा. विमानाचे नाक चढाईच्या कोनात उंच ठेवून ठरावीक वेळेत किती इंधन वाहते, हे मोजले जाते. इंधन केवळ गुरुत्वाकर्षणाने येत असेल, तर हा प्रवाह पूर्ण शक्तीवरील गरजेच्या १५० टक्के, आणि पंपाने येत असेल तर १२५ टक्के असावा, असा संकेत आहे. इंजिन बंद पडण्याच्या अनेक घटनांत इंजिन निर्दोष आणि इंधनपुरवठा सदोष असतो. काही लिटर पेट्रोल, मोजपात्र आणि घड्याळ एवढ्या साधनांनी ही त्रुटी जमिनीवरच पकडता येते.

पहिल्या उड्डाणासाठी लांब धावपट्टी, शांत वारा आणि आजूबाजूला मोकळा परिसर निवडावा. प्रवासी नसावा. विमानतळाच्या वर पुरेशी उंची गाठून तेथेच घिरट्या घालाव्यात, जेणेकरून इंजिन बंद पडले तरी धावपट्टी आवाक्यात राहील. उड्डाणानंतर लगेच, कमी उंचीवर इंजिन बंद पडल्यास मागे वळून धावपट्टी गाठण्याचा मोह आवरावा. वेग कमी असताना घेतलेले तीव्र वळण विमानाला स्टॉलमध्ये नेते आणि सावरण्याइतकी उंची उरत नाही. नाक खाली करून समोरच्या मोकळ्या जागेत नियंत्रित उतरणे हाच जिवंत राहण्याचा अधिक भरवशाचा मार्ग आहे.

चाचणीचे २५ किंवा ४० तास केवळ घड्याळ भरण्यासाठी नसतात. प्रत्येक उड्डाणाचा एक उद्देश लिहून ठेवावा. एका उड्डाणात स्टॉलचा वेग, दुसऱ्यात चढाईचा दर, तिसऱ्यात इंधनाचा खप आणि पुढे वाढत्या भारासह वर्तन, अशा क्रमाने आकडे नोंदवीत गेल्यास अखेरीस त्या विमानाची स्वतःची पुस्तिका तयार होते. कारखान्यातील विमानाबरोबर ती आपोआप मिळते; स्वनिर्मित विमानाच्या मालकाला ती उड्डाणातून कमवावी लागते. विमान पुढे विकले गेले, तर दुसऱ्या मालकासाठीही हीच नोंदवही सर्वांत मोलाचा दस्तऐवज ठरते. खरेदीदाराने रंग आणि उपकरणांपूर्वी ती पाहावी, आराखड्यापासून कोठे फारकत घेतली आहे हे विचारावे आणि सुरुवातीचे काही तास त्या विमानाची माहिती असलेल्या वैमानिकासोबतच उडावे.

कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाने भारतात व्यक्तीही विमान बांधू शकते आणि त्याची नोंदणी करू शकते, हे दाखवून दिले. त्या वाटेने पुढे येणाऱ्या बांधणीदारांसाठी नोंदणी चिन्ह ही प्रवासाची अखेर नसेल. योग्य इंजिन, त्याला मानवणारे इंधन, स्थानिक हवामानात घेतलेली चाचणी आणि वैमानिकाचा अलीकडचा सराव, या चारही गोष्टी जुळून आल्यावरच मागच्या आसनावर प्रवासी बसविण्याचा विचार करता येईल.